व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी: डाव मध्येच का थांबवता येत नाही, आणि बाकीचं बरंच काही

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. मे महिन्यापासून आमच्या घरात उठता-बसता एकच विषय आहे, व्हॅलोरंट, म्हणजे संगणकावरचा बंदुकांचा ऑनलाइन खेळ. मी सुरुवातीला जे जे करायला नको ते सगळं केलं आणि मग कुठे शिकायला बसले. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील म्हणून सविस्तर लिहितेय.

आषाढातली गोष्ट. पानं वाढून झाली होती. तीन हाका मारल्या, तिन्ही वेळा "आई, पाच मिनिटं" ऐकलं. चौथी हाक मारलीच नाही. हॉलमध्ये गेले आणि राउटरचं बटण बंद केलं. आता आरडाओरडा होणार अशी तयारी ठेवली होती, पण काहीच झालं नाही. तो निमूट बाहेर आला, पानावर बसला, पोळीचा तुकडा मोडला आणि रडायला लागला. चौदा वर्षांचा मुलगा. "अकरा-अकरा होतं आई," एवढंच म्हणाला.

अकरा-अकरा म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. ते कळायला मला पुढचे दोन रविवार त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं लागलं.

तर खेळ असा आहे. दोन संघ, प्रत्येकात पाच जण. एका संघाने चढाई करायची, दुसऱ्याने राखण. चढाईवाल्यांकडे स्पाइक नावाची एक वस्तू असते. ती नकाशावरच्या ठरलेल्या जागी लावायची आणि ती फुटेपर्यंत ४५ सेकंद सांभाळायची. राखणवाल्यांनी ती लावू द्यायची नाही, आणि लावलीच तर निकामी करायची. समोरचे पाचही जण बाद केले तरी राउंड जिंकता येतो. बाद झालेला गडी राउंड संपेपर्यंत नुसता बघत बसतो. असे राउंड खेळत जो आधी १३ जिंकेल त्याची मॅच. १२ राउंड झाले की बाजू बदलतात, चढाई करणारे राखणीला येतात. खो-खोत जसा पाठलाग करणारा संघ नंतर पळतीला येतो, अगदी तसंच.

आता वेळेचा हिशोब बघा, कारण घरातली सगळी भांडणं तिथेच आहेत. राउंडच्या आधी ३० सेकंद हत्यारांच्या खरेदीला मिळतात. राउंड १०० सेकंदांचा. स्पाइक लागली तर वरती ४५ सेकंद. म्हणजे एक राउंड साधारण दीड-दोन मिनिटांचा, आणि पूर्ण मॅच ३५ ते ४५ मिनिटांची. रँकवाल्या मॅचमध्ये १२-१२ झालं तर जादा राउंड, त्यात दोनची आघाडी घ्यावी लागते. मध्ये थांबवायचं बटण नाही. आमच्या लहानपणी "थांब रे, पाणी पिऊन येतो" म्हटलं की डाव थांबायचा. इथे उरलेले नऊ जण कुठल्या कुठल्या गावात बसलेले असतात, त्यांना कोण थांबवणार?

११-११ म्हणजे २२ राउंड झालेले, दोन्ही संघ जिंकण्यापासून दोनच राउंड लांब. तो "पाच मिनिटं" म्हणाला ते त्या वेळी जवळपास खरं होतं. मी राउटर बंद केल्यावर त्याचा संघ चौघांचा झाला आणि ११-१३ ने हरला. त्या चौघांत दोघे त्याच्याच वर्गातले. खेळ सोडून गेल्याबद्दल त्याला काही काळ नवीन मॅचमध्ये प्रवेश बंद झाला, ते ठीक आहे. पण त्या दोन मुलांनी पुढचा आठवडाभर त्याला खेळायला बोलावलं नाही. मधल्या सुट्टीतही तो एकटाच डबा खात होता, हे मला नंतर दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. मला फार वाईट वाटलं. मी शिक्षा माझ्या मुलाला करायला गेले होते, ती चार परक्या मुलांना झाली आणि त्याची किंमत त्याने शाळेत मोजली.

तेव्हापासून मी मिनिटं विचारत नाही, स्कोअर विचारते. मोठा आकडा १३ पासून किती लांब आहे ते बघायचं. "अकरा-सहा" म्हणाला की कणकेचे गोळे करायला घेते. "चार-पाच" म्हणाला की गॅस बंद करून दुसरं काम काढते. आणि आमचं मुख्य ठरलंय ते असं की वाद मॅच सुरू होण्याआधी घालायचा, सुरू झाल्यावर नाही. साडेआठला जेवण असेल तर पावणेआठनंतर मोठी मॅच सुरू करायची नाही. हे त्याने स्वतः मान्य केलं, कारण त्यात तर्क होता.

मोठ्या मॅचशिवाय छोटे प्रकारही आहेत आणि आईबाबांसाठी ते वरदान आहेत. स्विफ्टप्लेमध्ये ५ राउंड जिंकले की संपलं, जास्तीत जास्त ९ राउंड, साधारण १५ मिनिटं. स्पाइक रशमध्ये ४ राउंड जिंकायचे, तो त्याहून लवकर आटोपतो. डेथमॅचमध्ये संघच नसतो, जो तो आपापला, दहाएक मिनिटं. त्यातून उठलं तर कुणाचं फारसं बिघडत नाही. आमच्याकडे शाळेच्या दिवशी हे छोटे प्रकार, आणि कॉम्प म्हणजे रँकवाली मॅच फक्त शनिवार-रविवार.

अजून एक गोष्ट सांगते, जी बघून मी खरंच चकित झाले. प्रत्येक राउंडच्या आधी हत्यारं विकत घ्यावी लागतात, खेळातल्याच पैशांनी. सुरुवातीला हातात ८०० असतात. राउंड जिंकला की ३०००, हरला की १९००, सलग हरत गेलं तर २४००, मग २९००. चांगली बंदूक २९०० ला आणि जाड चिलखत १००० ला. म्हणजे एक राउंड हरलं की दोन्ही परवडत नाही. एका रविवारी लेक माइकवर सांगत होता, "या राउंडला कुणी काही घेऊ नका, पुढच्याला सगळे मिळून घेऊ." एकाने ऐकलं नाही, होते नव्हते ते खर्चून बसला. पुढच्या राउंडला चौघांकडे चांगली हत्यारं आणि हा एकटा पिस्तूल घेऊन. मग लेकाने काय केलं, त्याच्याकडे शिल्लक होती त्यातून त्या मुलाला बंदूक घेऊन दिली. बोलला काहीच नाही. घरी दूध आणायला पाठवलं तर सुटे पैसे परत आणायचे विसरतो तो हाच मुलगा!

विचारा काय विचारायचं ते. मला येतं तेवढं सांगेन, बाकी इथली जाणती मंडळी सांगतील.

अण्णा सातारकर

ताई, लेख मनापासून आवडला. राउटरचा प्रसंग वाचून गलबललो. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे, दोन नातवंडं आहेत. दोन शंका आहेत, राग मानू नका.

एक, हा सगळा बंदुकांचा खेळ आहे. चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी शंभर वेळा माणसावर नेम धरावा, हे मनाला पटत नाही. दुसरं, ऑनलाइन खेळांवर सरकारने बंदी आणली असं वाचलं होतं. मग हे चालू कसं?

गोदाकाठची

अण्णा, राग कसला. पहिल्या शंकेचं उत्तर माझ्याकडेही अर्धंच आहे. सेटिंगमध्ये रक्त दाखवणं बंद करता येतं, पडलेली शरीरं दाखवणंही बंद करता येतं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून दोन्ही बंद आहे. रक्ताऐवजी नुसत्या ठिणग्या दिसतात. पात्रं काल्पनिक आहेत, कुणी धुराची भिंत उभी करतं, कुणी जखमी साथीदाराला बरं करतं. लेकाला ते बरं करणारं सेज नावाचं पात्र आवडतं. तरी बंदूक ती बंदूकच. मला आजही ते पूर्ण पचलेलं नाही आणि पचलंय असं मी म्हणणार नाही. धाकटी मनू सात वर्षांची आहे. ती खोलीत असताना खेळायचं नाही, हा नियम त्यातूनच आला.

दुसरं, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. रमी, पैसे लावायच्या फँटसी लीग वगैरे. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ खेळांना, त्याच कायद्याने वेगळी मान्यता दिली आहे. व्हॅलोरंटमध्ये पैसे लावून पैसे जिंकायचा प्रकार नाही. पैसे जायच्या वाटा मात्र आहेत, त्यावर कुणी लिहिलं तर बरं.

तिसरा मजला

पैशांवर मी लिहितो, कारण मी भरले आहेत. ठाण्याला असतो, मुलगी तेरा वर्षांची.

खेळ फुकट आहे. विकत मिळतात ती बंदुकांची रूपं, त्याला स्किन म्हणतात. स्किनने नेम सुधारत नाही, गोळी जास्त लागत नाही. फक्त दिसणं आणि आवाज बदलतो. हे मुलांनाही माहीत असतं, तरी हवं असतं. आपण नाही का, तीच साडी वेगळ्या काठाची घेत. दुकानात रोज चारच स्किन दिसतात आणि २४ तासांनी बदलतात. "आज नाही घेतलं तर उद्या जाईल" ही घाई त्यातून येते. मुलीला मी हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा तिलाही ते पटलं. आता ती तीन वेळा दुकानात दिसेपर्यंत काही मागत नाही. बहुतेक वेळा तिसऱ्यांदा दिसेपर्यंत हौसच फिटलेली असते.

आमची चूक वेगळीच झाली. एका चॅट गटात कुणीतरी स्किन घ्यायला लागणारे खेळातले पॉइंट अर्ध्या किमतीत देतो म्हणाला. मुलीने माझ्या फोनवरून यूपीआय केलं आणि वर खेळाच्या खात्याचा पासवर्डही दिला, कारण त्याने "टाकण्यासाठी लागतो" म्हणून सांगितलं. पैसे गेले ४२०० रुपये, खातंही गेलं. दोन दिवस ती आमच्याशी बोललीच नाही, भीतीने. मला राग आला तो पैशांचा नव्हता, आपल्याला सांगायला ती इतकी घाबरली याचा होता.

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आम्ही दोन दिवस वाया घालवले. आणि मुलांना ठासून सांगा: पॉइंट फक्त खेळाच्या आतल्या दुकानातून किंवा कंपनीने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच, पासवर्ड सख्ख्या मित्रालाही नाही. खातं विकणं, भाड्याने देणं, दुसऱ्याकडून रँक वाढवून घेणं हे नियमातच बसत नाही.

रानजाई

काकू, हा धागा माझ्या आईने मला पाठवलाय! मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. खेळ २ जून २०२० ला आला, लॉकडाउनमध्ये, तेव्हापासून खेळतेय. आईबाबांनी कुणी समजून घ्यायचा प्रयत्न केला की आम्हाला किती बरं वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही.

माझ्या मते खरा त्रास बंदुकांपेक्षा आवाजाचा आहे. संघातल्या अनोळखी लोकांशी माइकवर बोलता येतं. तिथे आईबहिणीवरून शिव्या सर्रास चालतात, हिंदीत, इंग्रजीत, अलीकडे मराठीतही. मुलीचा आवाज ऐकला की वेगळंच सुरू होतं. "आवाज छान आहे, इन्स्टा दे", नाहीतर "किचनमध्ये जा". अकरावीत असताना मी वर्षभर माइक बंद ठेवून खेळले. माझी काही चूक नसताना गप्प बसायची वेळ माझ्यावर आली होती. माहिती सांगायची असते, समोरचा कुठून येतोय ते दिसत असतं आणि तोंड उघडायची हिंमत होत नाही, तेव्हा घशाशी काहीतरी अडकतं.

उपाय आहेत. सेटिंगमध्ये दोन आवाज वेगवेगळे असतात, एक आपल्या ओळखीच्या गटाचा आणि एक पूर्ण संघाचा. संघाचा बंद करून गटाचा चालू ठेवता येतो. लहान मुलांसाठी तेच करा. त्रास देणाऱ्याला स्कोअरच्या पाटीवरून एकेकट्याला म्यूट करता येतं, तक्रारही करता येते. मी आता आमच्या कॉलेजच्या चार मुलींबरोबरच खेळते, पाच जणी आपल्याच असल्या की बाहेरचं कुणी येतच नाही. स्त्रियांसाठी आणि इतर वंचित लिंगगटांसाठी २०२१ पासून गेम चेंजर्स नावाच्या वेगळ्या स्पर्धाही आहेत. मी त्या बघत बघतच पुन्हा माइक चालू केला.

अवांतर: लोटस नावाचा जो नकाशा आहे, तो पश्चिम घाटात दाखवलाय. दगडी कोरीवकाम, हिरवळ, फिरणारी दगडी दारं. पहिल्यांदा खेळले तेव्हा ते दार सरकताना बघत उभीच राहिले आणि बाद झाले. हार्बर नावाचं भारतीय पात्रही आहे, पाण्याच्या भिंती उभ्या करणारं. अण्णा आजोबा, तुमच्या साताऱ्याच्या बाजूचाच डोंगर समजा.

अण्णा सातारकर

रानजाई बाळ, वाचून बरं वाटलं आणि वाईटही. माइक बंद ठेवायचा भाग दोनदा वाचला. माझी नात बारा वर्षांची आहे.

डच वारा

नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनहून लिहितोय. थोडं वेगळं मत मांडतो.

युरोपात या खेळावर १६ वर्षांचा शिक्का आहे, अमेरिकेत किशोरवयीन म्हणजे १३ आणि पुढे. आमचा मुलगा तेरा वर्षांचा. आम्ही सोळापर्यंत नाही म्हणून सांगितलं आहे आणि त्यावर ठाम आहोत. गोदाकाठची यांनी शेजारी बसून जे केलं त्याबद्दल आदर आहे, पण समजून घेणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. समजून घेऊनही नाही म्हणता येतं. आमचा मुलगा त्याऐवजी पोकेमॉन युनाइट खेळतो. तेही पाच विरुद्ध पाच, डावपेच तसेच लागतात, पण मुख्य मॅच १० मिनिटांत संपतेच. बंदुका नाहीत. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी याचा विचार करावा.

एक तांत्रिक गोष्ट, माझ्या क्षेत्रातली. व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचा फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम येतो. तो संगणक सुरू होतो तेव्हापासून, विंडोजच्या अगदी गाभ्याच्या पातळीवर चालतो. फसवणाऱ्यांना पकडायला तसं लागतं हे मान्य. पण म्हणूनच ऑफिसच्या लॅपटॉपवर हा खेळ कधीही टाकू देऊ नका, "बाबा, फक्त एकदाच" म्हटलं तरी. घरच्या संगणकावर तो खालच्या पट्टीतून बंद करता येतो. मग पुन्हा खेळायचं तर संगणक रीस्टार्ट करावा लागतो. ही अडचण आमच्या एका मित्राने उपयोगात आणली आहे. त्याच्याकडे अभ्यासाच्या वेळी तो बंदच असतो.

आणखी एक, परदेशातल्यांसाठी. खाती प्रदेशाला बांधलेली असतात. युरोपातलं मूल आणि पुण्यातला मामेभाऊ एका संघात खेळू शकत नाहीत. सुट्टीत आजोळी ठरवून आले आणि मग रडारड झाली, असं दोन घरांत पाहिलं.

गोदाकाठची

डच वारा, तुमचं म्हणणं पटतंय. लेक तेरा वर्षांचा असता तर मीही नाहीच म्हटलं असतं. आमच्याकडे मला कळेपर्यंत तो चार महिने मित्राच्या घरी खेळून आलेला होता. तिथे माइक चालू, रक्त चालू, दार बंद. मी "नाही" म्हटलं असतं तर ते नाही फक्त आमच्या घरापुरतं राहिलं असतं. म्हणून मी खेळ हॉलमध्ये आणला. संगणक आता देवघराच्या शेजारच्या भिंतीला आहे.

शाळाबाई

मी कोल्हापूरला नववी-दहावीला शिकवते. सगळं वाचलं. एक सांगू का? शेजारी खुर्ची टाकून बसायला वेळ असणाऱ्या आया थोड्या आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दोघंही शिफ्टला जातात. त्यांच्या घरी पीसी नाही, मुलं कॅफेत जातात किंवा फोनवर दुसरे खेळ खेळतात. त्यांनी काय करायचं?

दुसरं म्हणजे झोप. सकाळी सातच्या शाळेत पहिल्या तासाला ज्यांची मान पडते त्यांना मी बाजूला घेऊन विचारते. "बाई, हरत होतो, एक जिंकून झोपायचं म्हणून बसलो." हे वाक्य मी वेगवेगळ्या मुलांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. रँक खाली गेलेली सहन होत नाही, म्हणून अजून एक, आणि चिडून खेळलं की अजून हार. रात्रीचे दोन वाजतात.

लगेच व्यसन म्हणून शिक्का मारू नका ही विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून नोंदवला आहे, २०२२ पासून ते वर्गीकरण लागू आहे. पण त्यात निकष कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ, नुकसान दिसत असूनही तेच वाढत जाणं, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असणं. परीक्षेच्या आधी दोन रात्री जागला म्हणजे आजारी झाला असं नाही. पण मूल जेवण सोडत असेल, मित्र सोडत असेल, अंघोळ टाळत असेल, पूर्वी आवडणारा दुसरा खेळही नको म्हणत असेल, तर बारा महिने वाट बघत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठीच शट नावाचं क्लिनिक २०१४ पासून चालू आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी १४४१६ ला फोन केला, मी शेजारी बसले होते. पलीकडच्या ताईंनी आधी वीस मिनिटं वडिलांचंच ऐकून घेतलं. त्यांना तेच हवं होतं.

रानजाई

शाळाबाई, "एक जिंकून झोपू" हे शंभर टक्के खरं आहे. आमच्यात त्याला टिल्ट म्हणतात. आम्ही मैत्रिणींनी नियम केलाय, सलग दोन हरलो की त्या दिवशी कॉम्प बंद. हरून झोपायचं. पहिले आठ दिवस फार जड गेलं. मग लक्षात आलं की सकाळी उठल्यावर त्या हरण्याचं काहीच वाटत नाही.

गोदाकाठची

शाळाबाई, तुमचा पहिला प्रश्न मनाला लागला. खरंय, मला दोन रविवार मिळाले म्हणून मी शिकले. ज्यांना नाहीत त्यांनी एवढं तरी करावं: मुलाला जेवताना विचारावं की आज किती-किती झालं आणि कशामुळे हरलात. "कशामुळे" हा शब्द महत्त्वाचा. माझ्या लेकाला जेवणाच्या ताटावर बोलतं करणारा तो एकच प्रश्न आहे. शाळेत काय शिकवलं विचारलं की "काही नाही" हे ठरलेलं. पण ९-१३ ने का हरलो हे तो चमचे-वाट्या मांडून दाखवतो. मिठाची बरणी म्हणजे स्पाइक.

पाऊलवाट

आमचे चिरंजीव म्हणतात अकरावी सायन्स सोडतो, व्हॅलोरंटमध्ये करिअर करतो. यावर कुणी स्पष्ट सांगाल का? यवतमाळला विचारायला कुणी नाही.

रानजाई

काका, स्पष्टच सांगते. ई-स्पोर्ट्सना डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने क्रीडा खात्याखाली मान्यता दिली हे खरं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं होती हेही खरं. व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये मुंबईचा एक संघ आहे. पण खेळाच्या शिडीवर सगळ्यात वरची पायरी रेडियंट, ती एका प्रदेशात फक्त ५०० जणांना मिळते. आपला प्रदेश म्हणजे आशिया-पॅसिफिक. भारत, इंडोनेशिया, फिलिपिन्स, थायलंड, ऑस्ट्रेलिया सगळे त्यात. आणि व्यावसायिक संघात जागा पाच.

त्याला विचारा आत्ता रँक कोणता. गोल्ड किंवा प्लॅटिनम म्हणाला तर वर डायमंड, असेंडंट, इमॉर्टल आणि मग रेडियंट आहे. त्याला खिजवायला नका विचारू, खरंच विचारा. मी बारावीला असताना डायमंडला होते आणि मलाही हेच वाटत होतं. बाबांनी सांगितलं, शाळा चालू ठेवून इमॉर्टल गाठ, मग बसून बोलू. मी अजून असेंडंटच आहे. बाबांनी तेव्हा नुसतं "वेडी आहेस का" म्हटलं असतं तर मी घरात बोलणंच बंद केलं असतं.

पाऊलवाट

विचारलं. सिल्व्हर म्हणाला. मग स्वतःच थोडा वेळ गप्प बसला. सायन्स चालू ठेवतोय, रविवारी मी शेजारी बसायचं ठरलंय. आभार, बाळ.

तिसरा मजला

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. पावसाळ्यात लाइट जाते, राउटर बंद होतो आणि मूल मॅचमधून बाहेर फेकलं जातं. परत आत जाता येतं, पण राउटर चालू होऊन नेट येईपर्यंत दोन-तीन राउंड जातात. लाइट गेली का तुम्हीच उठून गेलात, हे खेळाला कळत नाही. सारखं झालं तर शिक्षा वाढत जाते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो बसवला तर लॅपटॉपवर खेळणाऱ्यांचं काम भागतं. डेस्कटॉप असेल तर तोही इन्व्हर्टरवर लागेल. आणि घरी कुणी मोठी फाइल उतरवत असेल, टीव्हीवर पिक्चर चालू असेल तर खेळ अडखळतो. सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे महाराष्ट्रात एरवी अडचण नसते. घरातलं नेट सगळ्यांनी ओढलं की मात्र मूल चिडतं, आणि आपल्याला वाटतं उगाच चिडलंय.

गोदाकाठची

+१. आमच्याकडे आता कॉम्पच्या वेळी माझं ओटीटी बंद. तेवढं मी करते, तो जेवणाची वेळ पाळतो.

कुणीतरी निरोपात विचारलंय की फ्रिजवर लावलेला कागद जसाच्या तसा द्या. त्याच्याच अक्षरात आहे, तसाच टाइप करते: "शाळेच्या दिवशी स्विफ्टप्ले दोन किंवा डेथमॅच तीन. शनि-रवि कॉम्प दोन, पहिली हरलो तर दुसरी खेळायची की नाही ते पाणी पिऊन ठरवायचं. पावणेआठनंतर मोठी मॅच नाही. मनू खोलीत असेल तर नाही. अनोळखी आवाज बंद. आईने राउटरला हात लावायचा नाही." शेवटचं वाक्य त्याने लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

अण्णा सातारकर

ताई, नातू आलाय पुण्याहून, पंधरा वर्षांचा, लॅपटॉप घेऊन. साडेचारच्या बसने परत जायचाय. आता तीन वाजलेत. म्हणतो, आजोबा, एक मॅच खेळू का? काय सांगू?

गोदाकाठची

अण्णा, कॉम्प नको, लांबली तर बस चुकेल. स्विफ्टप्ले सांगा, दोन होतील आरामात. आणि शेजारी खुर्ची टाका.

अण्णा सातारकर

बसलोय. रक्त आधीच बंद करून घेतलं. पहिला डाव आम्ही ५-३ ने जिंकला. दुसऱ्यात २-४ ने मागे आहोत. म्हणजे झाले तर अजून तीनच राउंड. चहा टाकतो.